आधी घाट, मग लाट

कोल्हापूरला जेवून निघायचं, आंबोलीचा घाट उतरायचा, मालवण-वेंगुर्ला करत पणजी गाठायची. जोडीनं करायच्या या सहलीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि आमच्या सहल-विभागाची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

डिसेंबरात आठ दिवस सुट्टी आहे, स्वतःची गाडी आहे. आधी थेट गोवा, मग मालवण, शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी घाट चढून कोल्हापूरला जेवण आणि रात्री पुणे, असं ठरवलंय. एखादा गडही करायचाय. क्रम बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

क्रम उलटा करा. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, केलं की त्याच दिवशी घाट चढायचा नसतो. पाण्याखाली दाबानं हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात तुम्ही उंचावर गेलात, की बाहेरचा दाब कमी होतो आणि विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर (बुडीनंतर) किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास, ६०० मीटरच्या वर जायचं नाही आणि विमानातही बसायचं नाही, असा दंडक आहे. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे आणि गगनबावडाही त्याच उंचीच्या आसपास, म्हणजे कुठल्याही घाटानं गेलात तरी ही रेषा ओलांडताच. पर्यटकांची डाइव्ह उथळ असते, धोका कमी असतो, हे खरं. पण वेळापत्रक नुसतं फिरवून जो धोका टळतो तो अंगावर का घ्यायचा?

गडही आधीच बरा. चार दिवस मासे-भात आणि दुपारच्या झोपेनंतर चढण नको वाटते. शिवाय पायात गोळे आलेले असले तरी समुद्रात चालतं, उलट मात्र जमत नाही.

पहिल्या दिवशी पुणे-कोल्हापूर. अंतर साधारण २३० किलोमीटर, सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. तांबडा-पांढरा त्याच दुपारी खाऊन घ्या. दुसऱ्या दिवशी गड असताना आदल्या रात्री मटणाचं ताट आणि वर वाटीमागून वाटी रस्सा, म्हणजे चढणीवर पोटात आग. पांढरा रस्सा हा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस-तिळाचं वाटण घालून केलेला असतो. तो आधी, गरम असताना प्यायचा. भाकरी कुस्करायची ती तांबड्यात. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध मिळतं, रात्रीला तेवढं पुरे. (हॉटेलातल्या यादीत दिसणारं ते लालभडक ‘कोल्हापुरी चिकन’ कोल्हापुरात शोधत बसू नका.)

दुसऱ्या दिवशी गारगोटीवरून पाटगाव. हे मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, मध इथेच घ्या. मुक्काम पाटगाव किंवा भटवाडीत. तिसऱ्या दिवशी पहाटे रांगणा गड करून दुपारी गारगोटीला परत, तिथून उत्तूर-आजरा मार्गे आंबोली. आजऱ्यात घनसाळ तांदूळ मिळतो, दाणा बारीक आणि वासाचा. चौथ्या दिवशी आंबोलीत हिरण्यकेशीचं उगमस्थान बघून घाट उतरा, सावंतवाडीत जेवा आणि संध्याकाळपर्यंत मालवण गाठा. पाचव्या दिवशी स्कूबा, सहाव्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला आणि दुपारी वेंगुर्ला, सातव्या दिवशी पणजी. आठव्या दिवशी परतताना चोर्ला घाट लागला तरी स्कूबाला दोन दिवसांवर वेळ होऊन गेलेला असतो.

वाऱ्यामुळे किंवा पाणी गढूळ झाल्यामुळे पाचव्या दिवशी डाइव्ह झाली नाही, तर सहावा दिवस हाताशी राहतो. मालवणात दोन रात्री ठेवण्याचं खरं कारण तेच. एका दिवसात स्कूबा, किल्ला, त्सुनामी बेट आणि डॉल्फिन दाखवणारं पॅकेज घेतलं, तर बहुतेक वेळ होडीत आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो.

मला पोहता येत नाही. बायकोला येतं, पण तिला विमानातसुद्धा कान दुखण्याचा त्रास होतो. आम्ही मालवणात स्कूबा करावा का? नेमकं काय काय करायला लावतात? (ठाणे)

दोघांपैकी काळजी तुमच्या पत्नीची जास्त. सुरुवातीच्या डाइव्हला पोहता येणं लागत नाही. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या टाकीला धरून असतो आणि खोली साधारण ५ ते ८ मीटर असते. कान मात्र ज्याचे त्यालाच सांभाळावे लागतात.

पृष्ठभागापासून ५ मीटर खाली गेलं की दाब दीडपट होतो, १० मीटरवर दुप्पट. म्हणजे कानातल्या हवेचं आकारमान सर्वांत झपाट्यानं बदलतं ते पहिल्या काही मीटरमध्येच, आणि नवखा माणूस नेमका तिथेच घाबरून कान मोकळे करायला विसरतो. मास्कवरूनच नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद ठेवून नाकातून हलकेच हवा ढकलायची, कानात टिच्च आवाज येतो. पाण्यात शिरल्याबरोबर एकदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायला लागायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर करून उपयोग नाही. कान आणि घसा जोडणारी नळी दाबानं मिटलेली असते, जोरानं ती आणखी मिटते, कधी पडद्याला इजाही होते. तेव्हा खूण करून मीटरभर वर यायचं, कान मोकळे करायचे, मग पुन्हा खाली. हा सराव घरी रोज चार-पाच वेळा करून बघा. एक कान सुटतोय आणि दुसरा सुटतच नाही असं असेल, तर निघण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशी सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारे थेंब घालून उतरायचं नाही, कारण औषधाचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना हवा अडकते.

दमा, हृदयविकार, फिट, नुकतीच झालेली कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. आदल्या रात्री दारू नको. होडी लागते म्हणून झोप आणणारी गोळी घेतली असेल तर ती आधीच सांगा.

क्रम असा असतो. किनाऱ्यावर फॉर्म भरायचा, पाण्याचा सूट घालायचा, उथळ पाण्यात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरून श्वास घेण्याचा सराव करायचा, मग होडीनं किल्ल्याजवळच्या जागेवर. सराव उरकून घेण्याची घाई चालली असेल तर तिथेच थांबवा. दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. पहिली, रेग्युलेटर तोंडातून निसटला तर परत घालून जोरानं फुंकर मारायची, पाणी बाहेर पडतं, मग श्वास. दुसरी, मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकातून उच्छ्वास सोडायचा. दाट मिशीखालून मास्कमध्ये पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चष्मा मास्कखाली बसत नाही. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून खळखळून धुतात. ओशाळू नका, सगळे तेच करतात.

आता खुणा. सगळ्यांत जास्त घोटाळा अंगठ्याचा होतो. जमिनीवर आपण ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. खाली मासे बघून खूश झालेला नवरा प्रशिक्षकाला अंगठा दाखवतो आणि पुढच्या क्षणी त्याला वर नेलं जातं. तीन मिनिटांत डाइव्ह संपली म्हणून मग होडीवर भांडण. ‘ठीक आहे’ हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिघडलंय हे सांगायला पंजा आडवा धरून डुगडुगवायचा आणि मग दुखतंय त्या जागेकडे बोट करायचं.

एक नियम कधीच मोडायचा नाही: श्वास रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. ५ मीटरवर छातीभर घेतलेला श्वास पृष्ठभागावर दीडपट होतो, आणि तो अडवला तर फुप्फुसाला इजा होते. हळू, सतत, आत-बाहेर.

प्रत्यक्ष पाण्याखाली १५ ते २० मिनिटं मिळतात. दोन तास आधी हलकं खा, घावणे किंवा केळं. कोंबडी-वडे नंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी स्वच्छ असतं, सकाळी लवकरची पाळी मागून घ्या. दुपारी वारा वाढतो आणि तळाची रेती उठते.

हे करून गोडी लागली, तर पुढच्या खेपेला पूर्ण प्रशिक्षणाचा विचार करा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा केंद्र तारकर्लीला आहे. ओपन वॉटर प्रमाणपत्राला साधारण चार दिवस आणि समुद्रात चार डाइव्ह लागतात, मग १८ मीटरपर्यंत जाता येतं.

रांगणा कोणत्या बाजूनं सोपा? आणि आंबोली पावसाळ्यातच बघावी म्हणतात, मग पावसाळ्यातच सगळं उरकलं तर? (सातारा)

पावसाळ्यातली आंबोली आणि मालवणचा स्कूबा एका सहलीत बसत नाहीत. जूनपासून समुद्र खवळतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते, म्हणजे ताज्या माशांचीही पंचाईत. पावसाळ्यात जायचंच असेल तर फक्त आंबोली करा, तीही शनिवार-रविवार सोडून, आणि मुख्य धबधब्याखाली उभं राहण्यापेक्षा रात्रीची फेरी करा. स्थानिक माहीतगार घेऊन विजेरीच्या उजेडात बेडूक बघायचे. झाडावरून झेपावणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो, आणि आंबोली टोड तर नावाप्रमाणे इथलाच. हिरवा चापडा हा विषारी साप पानात बेमालूम मिसळून बसलेला असतो, म्हणून फांदीला धरून चालायचं नाही. जळवांना मिठाची पुरचुंडी. चिकटलेली जळू ओढून काढण्यापेक्षा नखानं सरकवून सोडवावी, नाहीतर जखम चिघळते.

हिवाळ्यात गेलात तरी हिरण्यकेशीला जा. तिथल्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ ही नवी जात २०२० मध्ये नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडात पाय, साबण, निर्माल्य यांपैकी काहीही नको.

रांगण्याला दोन वाटा. कुडाळकडून नारूरची वाट कोकणातून सरळ अंगावर येते, दम काढणारी आहे. भटवाडीकडून घाटमाथ्यावरचीच वाट, जंगलातून आणि ओढ्यातून जाणारी, चढ बेताचा, दोन-अडीच तासांत गडावर. जोडीनं आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भटवाडीच धरावी. चुकायला होतं ते चढावर नाही, जंगलात. गुरांच्या वाटा मुख्य वाटेला फुटत राहतात आणि पानगळीत खुणा झाकल्या जातात. गावातून वाटाड्या घ्या. फोनला रेंज मिळेल हे धरून चालू नका. माणशी ३ लिटर पाणी, सोबत भाकरी-ठेचा-गूळ-शेंगदाणे. काकडी-संत्र्यानं तहान भागते, चिवड्या-फरसाणानं वाढते.

गवे हमखास असतात. कळप दिसला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. एकटा नर वाटेत उभा असेल तर तसंच मागं सरकायचं, फोटोसाठी दोन पावलं पुढं नाही.

मिस्टर माळकरी आहेत, मी मासे खाणारी. आठ दिवस त्यांना फक्त डाळ-भात खायला लागू नये, आणि माझेही हाल होऊ नयेत. (नाशिक)

तुमचं पत्र वाचून पहिली सूचना: घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करा. किनाऱ्यावरच्या घरांत शाकाहारी स्वयंपाक नीट येतो, कारण सोमवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार हे वार तिथे पाळले जातात. पण ऐन वेळी गेलात तर जे तयार आहे तेच मिळतं, आणि तयार असतात मासे.

काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि वडे, घावणे-चटणी, आंबोळ्या, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, केळफुलाची भाजी, हे सांगून करून घ्यायचे पदार्थ. ओल्या काजूंची उसळ डिसेंबरात मागू नका, ती मार्च ते मे. मिळाली तर सुके काजू भिजवलेले असतील.

विचारायचे प्रश्न तीन. तवा वेगळा आहे का, कारण मासे तळलेल्या तव्यावरच घावणे काढले जातात. तळणीचं तेल वेगळं आहे का, कारण वडे आणि सुरमई एका कढईत जाऊ शकतात. चटणीत सुकट आहे का, कारण किसमूर आणि काही सुक्या चटण्यांत ती असते आणि खोबऱ्यात दिसत नाही. ‘शाकाहारी आहे का’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ येतं. ‘माळकरी आहेत’ म्हणून सांगा, मग स्वयंपाकघरातून कुणीतरी बाहेर येऊन नीट सांगतं.

गोव्यात खतखतें, आळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी हे तिन्ही शाकाहारी पदार्थ त्यांना आवडतील. पोई मात्र विचारून. ही कोंडा लावलेली गव्हाची पावासारखी रोटी पूर्वी माडाच्या सुरेनं फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात.

तुमच्यासाठी: मालवणात थाळीचा दर माशावर ठरतो, म्हणून बसल्याबरोबर आज काय आलंय ते विचारा. सुरमई-पापलेटाच्या मागे सगळेच असतात. त्याऐवजी मुडदुशे, सौंदाळे, तिसऱ्या, कालवं ही स्वस्तही आणि तिथलीही. पेडवे काटेरी, पण तिखल्यात सुरेख. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाऊन उभ्या राहा. दोन बाजूंना माणसं दोर ओढत जाळं किनाऱ्याला आणतात आणि मासा तिथल्या तिथे विकला जातो. खानावळवाली घेऊन आलेला मासा करून द्यायला तयार असते, फक्त जायच्या आधी तिला विचारून ठेवा.

गेल्या वर्षी एका किनाऱ्यावर बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल, अंगभर खाज, डोकं ठणकायला लागलं. मला माशांची ॲलर्जी झाली का? आता खाऊ की नको? (बेळगाव)

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ॲलर्जी नाही असं धरून चालू नका. पण इतर वेळी मासे पचत असतील, तर वर्णन शिळ्या माशातल्या हिस्टामाइनचं वाटतं. बांगडा, सुरमई, कुपा या जातींचे मासे पकडल्यावर बर्फात न ठेवता उन्हात राहिले, की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार करतात. ते तळल्यानं किंवा उकळल्यानं जात नाही आणि मसाल्याखाली कळतही नाही. कधी जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, तेवढीच खूण. घास तिथेच थांबवा.

बाजारात कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत. डोळे फुगीर, बोट दाबल्यावर मांस परत वर आलं पाहिजे. आणि दुपारी दोनला उन्हात मांडलेला बांगडा कितीही चकचकीत असला तरी नको. श्वास घ्यायला त्रास झाला, घसा किंवा ओठ सुजले तर मात्र विचार करत बसू नका, सरळ दवाखाना.

त्सुनामी बेटावर कधी जावं? होडीवाले प्रत्येक वेळी ‘आता चला’ म्हणतात. (सोलापूर)

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेला हा वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो. भरतीच्या वेळेचं जुनं गणित किनाऱ्यावर अजून वापरतात: तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता भरती. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. वेळ अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही अलीकडे येते, म्हणून हा अंदाजच समजा, आणि जायच्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघा. भरतीनंतर पाणी ओसरायला लागलं की दोन तासांनी निघा. मुखाशी ओढ जोराची असते, तिथे पोहायला उतरू नका.

मालवणची सोलकढी घरी जमत नाही. एकदा फाटली, एकदा तपकिरी झाली, एकदा तर गोड! (डोंबिवली)

गोड झाली कारण तुम्ही आगळ समजून अमृत कोकम घेतलंत. अमृत कोकमात साखर असते, ते सरबताचं. सोलकढीला आगळ लागतं, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी असतात आणि रंग एकच. बाटलीवर घटक वाचा.

मध्यम नारळ एक, खवून. एक हिरवी मिरची, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, चिमूटभर जिरं. दोन वाट्या कोमट पाणी घालून वाटा आणि फडक्यातून घट्ट पिळा. चोथ्यात आणखी एक वाटी पाणी घालून पुन्हा पिळा. दूध पूर्ण गार होऊ द्या आणि मग आगळ, आधी तीन मोठे चमचे, चव बघून चौथा. मीठ त्यानंतर, लागलं तर, कारण आगळातच पुष्कळ असतं. आगळ नसेल तर दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळून घ्या.

फाटते ती गरम दुधात आंबट घातल्यानं, किंवा केलेली सोलकढी गरम केल्यानं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर जी पांढरी साय जमते ते नारळाचं तेल घट्ट झालेलं असतं. ती फाटलेली नसते, ढवळून दहा मिनिटं बाहेर ठेवा. तपकिरी रंग येतो लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यानं, नाहीतर जुन्या आमसुलांनी. काच, स्टील किंवा मातीचं भांडं घ्या. जेवणाच्या तासभर आधी करा. सकाळची सोलकढी रात्री लसणानं उग्र होते.

तिरफळांबद्दलही दोघांनी विचारलं आहे. बांगड्याच्या तिखल्यात सहा-आठ तिरफळं, काळी बी काढून टाकून, फक्त टरफलं हलकी ठेचून, शेवटच्या उकळीला. वाटणात बारीक वाटलीत तर आमटी कडू होते.

गोव्यात स्कूटर भाड्यानं घ्यायची आहे, दूधसागरला जायचंय, फेणीही चाखायची आहे. काय सांभाळावं? (छत्रपती संभाजीनगर)

या तिघांपैकी पहिलं आणि तिसरं एका दिवशी नको.

स्कूटरची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत, तीच भाड्यानं द्यायची परवानगी असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी धरलं तर दंड तुम्हाला आणि अपघात झाला तर विम्याची भानगड. घेताना गाडीभोवती फिरून ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, ब्रेक आणि मागच्या टायरची नक्षी बघा. हेल्मेट दोन मागा. मूळ आधार कार्ड गहाण ठेवू नका.

दूधसागरला जीप कुळ्यावरून, साधारण ऑक्टोबर ते मे. जीप सात जणांची असते, त्यामुळे दोघांना एकतर भरेपर्यंत थांबावं लागतं किंवा पूर्ण जीपचे पैसे द्यावे लागतात. सकाळी लवकर पोचलात तर भरायला वेळ लागत नाही. पाण्यात उतरायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, खडक शेवाळलेले असतात. धबधबा ३१० मीटरचा, पण खालच्या कुंडातून सगळा दिसत नाही. रुळांवरून चालत जाण्याला रेल्वेची बंदी आहे, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

काजूची फेणी वर्षभर मिळते, हुर्राक मात्र मार्च ते मे. तो पहिल्या ऊर्ध्वपातनाचा, सौम्य. लिंबाचं सोडापाणी, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. फेणी ४० टक्क्यांच्या वर असते, दोघांत एक छोटा पेला घेऊन वास आवडतोय का बघा. सोबत काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी) किंवा चोरीस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव). परवान्याशिवाय बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात.

समुद्रात लाल बावट्याला उतरायचं नाही. पाण्यानं आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. तो ओढा अरुंद असतो, बाजूला सरकलात की सुटता.

परतताना काय आणावं आणि कसं? आम्ही गोव्याहून विमानानं निघणार. (नागपूर)

ओला मासा विमानानं नेण्याच्या फंदात पडू नका. गाडीनं जाणाऱ्यांनी सुरमईच्या तुकड्या न धुता रात्रभर डीप फ्रीजमध्ये दगडासारख्या करून घ्याव्यात, जाड पिशवीत बांधून थर्माकोलच्या खोक्यात माशाच्या वजनाइतका बर्फ घालावा. खोक्याला खाली भोक ठेवून ताटलीत बसवावं, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहतो.

तुम्ही सुके बांगडे किंवा जवळा घ्या. हातात घेऊन दाबा, दमट लागला तर सोडा. दोन झिप-पिशव्यांत घालून वर पत्र्याचा डबा, घरी गेल्यावर दोन-तीन तास ऊन. आगळाची बाटली काठोकाठ भरलेली नको, टोपणाला चिकटपट्टी लावून मोठ्या बॅगेत. काजू फोडून बघा, कट्ट आवाज आला पाहिजे. मालवणी मसाला घरगुती घ्या, पण ताज्या दळणाचा, आणि पोचल्यावर काचेच्या बरणीत काढा. गुळात घोळवलेलं खाजं हँडबॅगेत चालतं. सुकं खोबरं मात्र विमानात नेऊ देत नाहीत, ज्वलनशील म्हणून काढून घेतात, तेव्हा ते नागपुरातच विकत घ्या.